एडिसनचे स्कूल बोर्ड की मिडलसेक्स काउंटीचे आयुक्तपद?

न्यू जर्सीतील एडिसन परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला निवडणूक लढवावीशी वाटली, तर दोन वाटा समोर येतात: एडिसनच्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारे स्कूल बोर्ड, किंवा मिडलसेक्स काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आयुक्तपद. दोन्हींची मुदत 3 वर्षांची असली, आणि दोन्हींसाठी अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य असले, तरी पुढचे जवळजवळ सारे निराळे आहे.

काउंटीच्या 7 आयुक्तांना, ज्यांना 2020 पर्यंत ‘फ्रीहोल्डर’ म्हणत, संपूर्ण काउंटीतून निवडले जाते. 2020 च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या 8 लाख 60 हजारांहून अधिक होती. ही निवडणूक पक्षीय असल्याने व्यवहारात आधी पक्षाची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकावी लागते. पक्षसंघटनेच्या पसंतीच्या उमेदवारांना मतपत्रिकेवर एकाच ठळक रांगेत बसवणारी पद्धत तेथे वर्षानुवर्षे चालू होती आणि नवख्यांवर तिने मोठा अन्याय केला, असे माझे ठाम मत आहे. 2024 मध्ये संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत तिला मनाई केली, तेव्हा कोठे दार किलकिले झाले.

स्कूल बोर्डाची निवडणूक मात्र पक्षविरहित असते. अर्जासाठी मोजक्याच मतदारांच्या सह्या पुरतात. वर्षभराचे वास्तव्य मात्र हवे, आणि मानधन मुळीच मिळत नाही. तरीही मालमत्ता कराचा मोठा वाटा शाळांकडेच जातो, त्यामुळे पहिल्यांदा उभे राहणाऱ्याने मी तरी याच वाटेने जावे म्हणेन.