कातळावरचा सर्व्हर कक्ष: एका हंगामाचा आणि एका पावसाळ्याचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) असलेल्या आमच्या आंबा प्रक्रिया कारखान्यासाठी एप्रिलमध्ये दोन रॅक सर्व्हर, ६ केव्हीए क्षमतेचा ऑनलाइन यूपीएस (वीज गेली तरी बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारे उपकरण) आणि ४२ यू उंचीचे रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायची चौकट, घेतले. प्रोसेसर, मेमरी, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) हे सारे माहितीपत्रकात आहेच, म्हणून येथे देत नाही. सगळे क्लाउडवर का नेले नाही, याचे उत्तर एवढेच की महामार्गाच्या कामात फायबर तुटत राहतो आणि ऐन हंगामात वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग असताना बिलिंग थांबवून चालत नाही.

सर्व्हर उत्तम आहेत. खोलीचे तापमान अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेल्या १८ ते २७ अंशांत राहते, पंख्यांचा आवाज सोसवतो आणि हंगामात एकही डिस्क गेली नाही. रॅकच्या खिळ्या-नटांना मात्र जुलैतच गंज चढला. समुद्रकिनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलचे नट आग्रहाने मागून घ्यावेत, एवढे सांगून पुढे जातो.

खरा विषय आहे अर्थिंग, म्हणजे विजेची यंत्रणा जमिनीशी जोडणे. मेअखेर एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला. त्याच सर्व्हरमधला दुसरा पॉवर सप्लाय चालू असल्याने काम अडले नाही, पण वॉरंटी 'दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी'ची असूनही कोल्हापूरहून घाट उतरून अभियंता येईपर्यंत आठवडा उलटला. आल्यावर त्याने सर्व्हरकडे पाहिलेही नाही. मल्टिमीटरची एक सळई न्यूट्रलच्या (प्रवाह परत नेणाऱ्या तारेच्या) आणि दुसरी अर्थच्या भोकात घातली, मीटरवर नऊ व्होल्ट दिसताच त्याचा फोटो काढला आणि 'तीन व्होल्टच्या आत आणा, मग सुटा भाग बदलू' असे सांगून तक्रार बंद केली.

जांभा दगडात अर्थिंग चांगले मिळणे अवघडच. पाणी झिरपून जाते, मेमध्ये कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि खड्ड्यात घातलेले मीठ-कोळसा दोन पावसाळ्यांत निरुपयोगी ठरतात. म्हणून वायरमनच्या सल्ल्याने बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरून नवा खड्डा केला. अर्थचा रोध पुष्कळ उतरला, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मात्र जेमतेम दोन व्होल्टने कमी झाले. हा खर्च मला बोचतो, कारण व्होल्टेज का उतरणार नाही हे कोणीही आधी सांगितले नव्हते. रोहित्राचा न्यूट्रल दूर, तिथल्या अर्थिंगला जोडलेला असतो. सिंगल फेजवरची डीप फ्रीझर आणि ब्लोअर तिन्ही फेजवर सारखी वाटलेली नसली की न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो आणि त्या लांब तारेत व्होल्टेज उभे राहते. आपल्या आवारात कितीही खड्डे खणले तरी ते जात नाही. तपासणी दुपारी सगळे यंत्र चालू असताना करावी. सकाळी सातला मीटर साळसूदपणे दीड व्होल्ट दाखवतो.

उपाय दोन केले. भार तिन्ही फेजवर नव्याने वाटून दिला, आणि यूपीएसच्या मागे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारा एकमेकींपासून विलग ठेवणारा) बसवून त्याच्या दुय्यम, म्हणजे बाहेर जाणाऱ्या, बाजूचा न्यूट्रल तिथेच अर्थला जोडून घेतला. आता व्होल्टेज दिवसभर एका व्होल्टच्या आत असते. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, थोडी वीज खातो आणि खोली तापवतो, पण त्याची किंमत दोन खड्ड्यांपेक्षा फार जास्त नव्हती. नवा खड्डा वाया गेला असेही नाही, कारण ऑक्टोबरच्या विजांच्या कडकडाटात सर्ज अरेस्टरला (व्होल्टेजचा अचानक लोट जमिनीत उतरवणाऱ्या उपकरणाला) चांगला अर्थ लागतोच.

सर्व्हर कंपनीची तीन व्होल्टची अट तेव्हा मला शुद्ध टाळाटाळ वाटली होती. आता तिच्यात तथ्य आहे असे म्हणतो. ती कोटेशनमध्ये का नव्हती, हा राग मात्र कायम आहे. सर्व्हर विकणारा कोकणात येतो, बिल देतो, आणि जागेची विद्युत तपासणी बिघाडानंतर करतो.

यूपीएसमधल्या बॅटऱ्या लेड-अ‍ॅसिड आहेत. त्यांचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि त्यावर दर दहा अंश वाढले की सुमारे निम्मे होते. लांबलेल्या वीजखंडात जनरेटरवर एसी नसेल तर खोली झपाट्याने तापते, म्हणून आता एसीचीही तार जनरेटरकडे वळवली आहे. प्रत्येक सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर आहेत, ही त्रुटी माहीत असून दुसऱ्या यूपीएसची मंजुरी मिळालेली नाही. वॉरंटी वाढवण्यासाठी विक्रेत्याने दर पाठवला आहे. विद्युत तपासणीची अट आणि अभियंता पोहोचण्याची मुदत करारात लेखी द्या, असे मी कळवले असून त्यावर उत्तर आलेले नाही.