बुडापेस्टची आडनावांची सफर: नक्की करा

केरेपेशी दफनभूमीत हंगेरियन आडनावांवर आधारित वाटाड्यासोबतची फेरी घेतली आणि मनापासून आवडली. १८४७ साली सुरू झालेली ही दफनभूमी म्हणजे दगडात कोरलेला आडनावांचा कोशच. इथे आडनाव आधी आणि नाव नंतर, हे एकदा डोक्यात बसलं की वाचायला मजा येते.

कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, मोल्नार म्हणजे गिरणीवाला. होर्वाथ म्हणजे क्रोएशियन, नेमेथ म्हणजे जर्मन. कोण कुठून आलं ते आडनावातच दिसतं. शेवटी 'इ' आला की बहुतेक वेळा गावाचं नाव, अगदी आपल्या 'कर'सारखं. जुन्या घराण्यांत तोच 'इ' वाय अक्षराने लिहितात.

सर्वांत जास्त वेळ आम्ही चित्रकार मुंकाची मिहाय यांच्या थडग्यापाशी थांबलो, आणि ते योग्यच होतं. जन्मनाव लीब, जर्मन वळणाचं. पुढे त्यांनी जन्मगाव मुंकाचवरून आडनाव घेतलं. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात अशी हजारो आडनावं बदलली गेली, त्यामागचं राजकारण वाटाड्याने फार समजून सांगितलं. १७८७ मध्ये तेव्हा हंगेरीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने ज्यूंना जर्मन आडनावं घ्यायला लावली, हा भाग मात्र घाईत उरकला. त्याला निदान अर्धा तास हवा होता.

मागे उभं राहिलं तर आवाज नीट पोचत नाही, म्हणून पुढेच राहा. पायात चांगले बूट हवेत. आवार प्रचंड आहे.