डार्मश्टाटचा उन्हाळी कोर्स: जायचं असेल तर कशासाठी?

आपली रचना तिथे कुणीतरी वाजवेल, एवढ्या एकाच आशेवर जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या, नव्या पाश्चात्त्य संगीताच्या उन्हाळी कोर्सला जाऊ नका. चारशेच्या आसपास मुलं येतात, त्यांत कंपोजरच भरपूर. निवड होऊन ज्यांचं काम वादकांच्या हाती पडतं ते थोडे. उरलेल्यांनी दोन आठवडे काय करायचं, हे आधी ठरवून गेलं तर हा कोर्स सोन्यासारखा आहे. नाहीतर नुसता खर्च.

मी ऑगस्ट २०२३मध्ये गेले होते. मिरजेची आहे, जर्मनीत कंपोझिशन शिकते, त्यामुळे व्हिसाची कटकट नव्हती आणि प्रवास रेल्वेचा. भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, विमान, फी आणि राहणं असा चौपदरी हिशोब करावा लागेल. गाव फ्रँकफुर्टच्या दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटरवर.

नाव एवढं मोठं का, ते थोडक्यात सांगते. १९४४च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बहल्ल्यात हे शहर एका रात्रीत जळलं. दोन वर्षांत, १९४६ साली, वोल्फगांग श्टाइनेके या पालिकेच्या सांस्कृतिक अधिकाऱ्याने क्रानिशश्टाइनच्या शिकारमहालात हा कोर्स सुरू केला. नाझी काळात जे संगीत ऐकायलाच मिळालं नव्हतं ते तरुणांच्या कानांवर पडावं, हा हेतू. पुढे जर्मन कंपोजर श्टॉकहाउझन १९५१मध्ये विद्यार्थी म्हणून आला, १९५८मध्ये अमेरिकन कंपोजर जॉन केजने व्याख्यानं देऊन बऱ्याच जणांची झोप उडवली. पण मला या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस कंपोजर वाटतच नाही. तो म्हणजे सेवेरिनो गात्सेल्लोनी हा बासरीवाला. इटालियन कंपोजर बेरिओने एकेका वाद्यासाठीच्या ‘सेक्वेन्त्सा’ मालिकेतली पहिली रचना त्याच्या हातासाठी लिहिली आणि १९५८ साली ती इथेच वाजली.

इथून घ्यायचं ते हेच: वादकाच्या सोबतीने लिहिणं. शिक्षकांबरोबरचे वैयक्तिक तास मोजके, एकेकाकडे रांग. तिथे पूर्ण स्कोअर, म्हणजे लिहिलेली अख्खी रचना, उलगडून बसलात तर पानं उलटण्यातच वेळ जातो. मोठ्या नावांच्या मागे न लागता वादकांना धरा. कंपोजरांइतकेच गंभीर तरुण वादक इथे शिकायला येतात आणि त्यांना नवीन काही करून बघायची खाज असते.

माझा प्रश्न तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणाऱ्या गुंजनाचा होता. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार, ऐकू येतो, तो चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडावर, आणता येईल का? एका चेलोवादक मुलीला कँटीनबाहेर गाठलं. तिने सगळ्यांत खालची सी तार घेतली, बो, म्हणजे गज, हळूहळू घोडीकडे सरकवत नेला, आणि एका जागी वरचा ई लख्ख बाहेर आला. सीला षड्ज धरलं तर आपला गंधारच. मग तिने माझ्या वहीत दाखवलं, की ‘घोडीजवळ’ एवढंच लिहिलं तर प्रत्येक वादक वेगळी जागा धरेल. बो किती जवळ, किती वेगाने, किती दाबाने, हे तिन्ही लिहायला हवं. दाब वाढला की गंधार जातो आणि नुसती खरखर उरते. अर्ध्या तासात वहीची दोन पानं भरली. एवढं मला कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं.

‘ओपन स्पेस’ नावाची सोय आहे, ती चुकवू नका. वेळ आणि खोली घ्यायची, काय करणार ते जाहीर करायचं, यायचं त्याने यावं. मी मिरजेचा चपटा प्रवासी तंबोरा नेला होता. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो हे दाखवायला बसले, तर प्रत्येकाला तो दोरा स्वतः सरकवायचा होता! तंबोरा परत जुळवता जुळवता नाकी नऊ आले. स्पेक्ट्रल संगीतवाले, म्हणजे उपस्वरांवरच अख्खी इमारत उभारणारे, शेवटपर्यंत हलले नाहीत.

कॉन्सर्ट रात्री उशिरापर्यंत चालतात, ओरांजेरी, सेंट्रालश्टात्सिओन अशा वेगवेगळ्या जागी. सगळं ऐकायच्या भानगडीत पडू नका, कान बधिर होतात. मला त्यातलं निम्मं झेपलं नाही. जे झेपलं ते अजून डोक्यातून जात नाही. रविवारी जर्मनीत किराण्याची दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी ब्रेड-दही घेऊन ठेवा. चिवडा घरून नेलात तर मित्र पटकन होतात.

कुणी जाऊ नये? ज्यांना हार्मनी-काउंटरपॉइंट, म्हणजे स्वर एकत्र आणि धुनी एकमेकींवर रचायचे पाश्चात्त्य नियम, पक्कं करायचं आहे त्यांनी. ते इथे कुणी शिकवत बसत नाही. त्यांच्यासाठी पॅरिसजवळचं फोंतेनब्लोचं संगीत विद्यालय बरं, १९२१पासून चालू आहे आणि नादिया बूलांजे या नामवंत फ्रेंच गुरूचं घराणं. इलेक्ट्रॉनिक्सची ओढ असेल तर पॅरिसलाच इर्काम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संशोधन संस्थेची मानिफेस्त अकादमी बघा. सिनेमाला संगीत द्यायचं स्वप्न असेल तर ही तिन्ही ठिकाणं सोडा.

कोर्स एक वर्षाआड होतो. पूर्वी सम सालांत असायचा. कोविडमुळे २०२०चा २०२१वर गेला, तेव्हापासून विषम सालांत येतो. शिष्यवृत्त्या असतात, पण अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो, आणि त्यासोबत तुमच्या रचनांचं नीट रेकॉर्डिंग जोडता आलं तर फार बरं. संगणकाने वाजवलेल्या नकली व्हायोलिनवर भागवू नका. गावात एखादा खरा वादक गाठा आणि दोन मिनिटांचं का होईना, त्याच्याकडून वाजवून घ्या.