नॉट इन, नॉट एक्झिस्ट्स की लेफ्ट जॉइन? सबक्वेरीत नल असेल तर काय वापरावे

ओरॅकल शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेल्या एम्प टेबलात 14 कर्मचारी आहेत. त्यातल्या 8 जणांच्या हाताखाली कोणीच नाही. ते शोधायला ही क्वेरी चालवून बघा (एम्पनो म्हणजे कर्मचाऱ्याचा क्रमांक, एमजीआर म्हणजे त्याच्या साहेबाचा क्रमांक; कंसातली ती सबक्वेरी):

सिलेक्ट ईनेम फ्रॉम एम्प व्हेअर एम्पनो नॉट इन (सिलेक्ट एमजीआर फ्रॉम एम्प)

एकही ओळ येत नाही. एररही नाही, हेच जास्त वाईट. किंग कंपनीचा अध्यक्ष, त्याच्यावर साहेब नाही, म्हणून त्याचा एमजीआर नल, म्हणजे तिथे व्हॅल्यूच नाही. नॉट इन यादीतल्या प्रत्येक व्हॅल्यूसाठी 'हिच्याशी जुळत नाही' अशी अट लावतो आणि त्या सगळ्या अँडने जोडतो. नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते, ती अननोन. साखळीत एक अननोन शिरला की पूर्ण अट खरी ठरूच शकत नाही, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडतो.

सबक्वेरीत 'व्हेअर एमजीआर इज नॉट नल' घातले की 8 नावे येतात. कॉलमवर नॉट नल कन्स्ट्रेंट (नल न स्वीकारण्याचा नियम) असेल तर तेवढेही नको. पण उद्या कोणी तो कन्स्ट्रेंट काढला, तर रिपोर्ट गुपचूप रिकामा होईल.

म्हणून सवयीने नॉट एक्झिस्ट्स लिहावे:

सिलेक्ट ईनेम फ्रॉम एम्प ए व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम एम्प बी व्हेअर बी.एमजीआर = ए.एम्पनो)

इथे जुळणारी ओळ मिळाली की नाही एवढेच पाहिले जाते. किंगचा नल कोणाशीच जुळत नाही आणि आडवाही येत नाही. मात्र बाहेरच्या कॉलमातच नल असेल तर नॉट एक्झिस्ट्स ती ओळ ठेवतो. नॉट इन ती गाळतो, सबक्वेरी पूर्ण रिकामी असेल तेव्हा सोडून.

लेफ्ट जॉइन डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवतो आणि न जुळलेल्या ओळींत उजवे कॉलम नल करतो. तो करून इज नल तपासले तरी उत्तर तेच, पण चुकायला जागा जास्त. उजव्या टेबलाची जादा अट ऑनमध्येच हवी. व्हेअरमध्ये टाकली की न जुळलेल्या ओळीच उडतात. आणि इज नल जॉइनच्या कॉलमवर किंवा प्रायमरी कीवर लावा. एम्पमधल्या कॉम (कमिशन) सारख्या कॉलमवर लावले तर जुळलेल्या ओळीही आत येतात, कारण कमिशन बहुतेकांचे नलच आहे.

वेगाचे म्हणाल, तर मायएसक्यूएल 8.0.17 पासून नॉट इन आणि नॉट एक्झिस्ट्स दोन्हींचा अँटीजॉइन (न जुळलेल्या ओळीच ठेवणारा जॉइन) करू शकतो. ओरॅकल 11जी पासून नल सांभाळणारा अँटीजॉइन आहे. पोस्टग्रेसमध्ये मात्र नॉट इनचा प्लॅन पाहाच: सबप्लॅन (सबक्वेरी वेगळी चालवणारी पायरी) दिसला आणि आतली यादी वर्क_मेममध्ये, म्हणजे क्वेरीला ठरवून दिलेल्या मेमरीत, मावली नाही, तर मोठ्या टेबलावर क्वेरी तासन्‌तास चालते.

एकच व्हॅल्यू देणाऱ्या सबक्वेरीत प्रश्न वेगळा. डिपार्टमेंट 40 मध्ये कोणीच नाही. तिथल्या पगारांची बेरीज म्हणून सबक्वेरीत नुसता सम(सॅल) घेतला तर नल असलेली एक ओळ मिळते, म्हणून कोअलेस (नलच्या जागी दिलेली व्हॅल्यू, इथे 0, ठेवणारे फंक्शन) आत लावला तरी 0 येतो. पण आत ग्रुप बाय डेप्टनो असेल तर ओळच तयार होत नाही. आतल्या कोअलेसला काम उरत नाही आणि बाहेर नलच येतो. कोअलेस सबक्वेरीच्या कंसाबाहेर लावा, दोन्ही ठिकाणी 0 मिळेल.