ट्रॉम्सो की सारिसेल्का? दोघांच्या हिमाळ सुटीचा तुलनात्मक आढावा

बर्फ आणि नॉर्दर्न लाइट्स यांसाठी युरोपच्या उत्तर टोकाला जायचे एकदा ठरले, की बहुतेक मराठी जोडप्यांच्या यादीत शेवटी दोन नावे उरतात: नॉर्वेतले ट्रॉम्सो आणि फिनलंडमधला लॅपलंड. आम्ही दोघांनी दोन्हीकडे प्रत्येकी एक आठवडा काढला आहे. ट्रॉम्सोला २०१९च्या जानेवारीत आणि फिनलंडमधल्या सारिसेल्का या गावी २०२३च्या मार्चमध्ये. व्हिसा, विमानांची जोडणी आणि अंगावर एकावर एक चढवायचे कपडे यांविषयी वाचकाने आधीच पुरेसे वाचले असणार, म्हणून त्यात शिरत नाही. फक्त दोघांनीच मिळून घालवायची सुटी असेल तर कुठे जावे, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे.

फिनलंड म्हटले की रोव्हानिएमीचे नाव आधी निघते. आर्क्टिक वृत्तावरचे तिथले सांताक्लॉजचे गाव लहान मुलांसाठी फारच चांगले आहे, आणि सहा-सात वर्षांचे मूल बरोबर असेल तर दुसरा विचार न करता तिकडेच जावे. मात्र डिसेंबरात तिथे विलक्षण गर्दी असते, शिवाय शहराचा उजेड आकाशात चढतो. दोघेच असाल तर तिथून आणखी सुमारे २६० किलोमीटर उत्तरेला सारिसेल्कापर्यंत जावे, किंवा हेलसिंकीहून थेट इव्हालोच्या छोट्या विमानतळावर उतरावे. तिथून सारिसेल्का बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.

ट्रॉम्सोची बाजू मी मनापासून मांडतो, कारण ते गाव आम्हाला आवडले होते. ते एका बेटावर वसलेले आहे, चहूबाजूंनी समुद्र आणि त्यातून सरळ वर उठलेले पांढरे डोंगर आहेत. पूल ओलांडला की १९६५ साली बांधलेले, त्रिकोणी पाखांचे शुभ्र चर्च दिसते, आणि तिथून जवळच असलेल्या रोपवेने ४२१ मीटर उंचीवर गेले की संपूर्ण बेट दिव्यांच्या रांगोळीसारखे पायाखाली पसरलेले असते. बंदराजवळचे ध्रुवीय संग्रहालय आम्ही दोन तासांत उरकणार होतो आणि अर्धा दिवस तिथेच थांबलो. १९२८ साली नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक रोआल्ड आमुंडसेन कोसळलेल्या इटालियन हवाईजहाजातल्या लोकांच्या शोधासाठी याच गावातून विमानाने निघाला आणि परत आला नाही, हे तिथल्या शांत दालनांतून फिरताना फार जवळून जाणवते. संध्याकाळी हिंडायला रस्ते आहेत, कॉफीची दुकाने आहेत, माणसांची जाग आहे. सारिसेल्कात यातले काहीच नाही.

जेवणाच्या बाबतीत तर तुलना करणेच अन्यायाचे ठरेल. माझी पत्नी रत्नागिरीकडची, ताज्या माशांवर वाढलेली. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालण्यासाठी नॉर्वेच्या किनाऱ्याला येणारा कॉड, ज्याला तिथे ‘स्क्राय’ म्हणतात, तिने तीन दिवसांत चार वेळा खाल्ला, आणि मसाल्याशिवाय मासा इतका गोड लागू शकतो हे तिने मान्य केले. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथली थंडीही तशी सोसवणारी असते. जानेवारीचे सरासरी तापमान उणे तीन-चार अंशांच्या आसपास राहते. कुलू-मनालीपलीकडचा हिवाळा ज्यांनी कधी अनुभवलेला नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. वर-खाली होणाऱ्या तापमानामुळे उताराच्या पदपथांवर गुळगुळीत बर्फ तयार होतो, एवढे लक्षात ठेवून बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी विकत घ्यावेत.

ज्या उबदार समुद्रामुळे ही थंडी सौम्य होते, तोच समुद्र आकाशात ढगही आणतो, आणि आमचा निर्णय शेवटी या ढगांनीच केला. ट्रॉम्सो अरोराच्या, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्या, पट्ट्याच्या अगदी खाली आहे याबद्दल शंका नाही. पण अरोरा शंभर किलोमीटर आणि त्याहूनही अधिक उंचीवर घडतो, ढग त्याच्या कितीतरी खाली असतात. म्हणून तिथे संध्याकाळी लहान बसगाड्या निघतात आणि निरभ्र आकाश शोधत किनाऱ्यापासून आत जातात. बहुतेक वेळा त्या शिबोट्नच्या कोरड्या खोऱ्याकडे वळतात, आणि तिथेही ढग असले तर आणखी पुढे, सीमा ओलांडून फिनलंडच्या किल्पिसयार्वीपर्यंत. ट्रॉम्सोपासून हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे.

आम्ही अशा तीन फेऱ्या केल्या. वाटाडे मनापासून काम करत होते, त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते; अडचण त्या पद्धतीतच होती. संध्याकाळी सहाला चौदा-पंधरा जणांसह गाडीत बसायचे, काचांवर आतून वाफ धरलेली असल्यामुळे बाहेरचे काही दिसायचे नाही, वाटाड्याने फोनवर ढगांचा नकाशा पाहायचा आणि पुढच्या खिंडीत नशीब काढू असे सांगायचे. मग मध्यरात्रीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला उतरायचे. पहिल्या रात्री ढगांच्या फटीतून फिकट हिरवी रेघ दिसली. दुसऱ्या रात्री काहीच दिसले नाही. तिसऱ्या रात्री सीमेपलीकडे गेल्यावर सगळे आकाश उजळले, जेमतेम पाऊण तास. पण त्यातला बराचसा वेळ छायाचित्रासाठी आपला क्रम कधी येतो याची वाट पाहण्यात गेला. ज्या क्षणासाठी आम्ही दोघे इतक्या दूर आलो होतो, त्या क्षणी आम्ही एका रांगेत उभे होतो.

त्याहूनही मोठे नुकसान दुसऱ्या दिवशी होते. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, आणि दक्षिणेकडच्या डोंगरांमुळे गावाला तो २१ जानेवारीच्या सुमारास प्रथम दिसतो. त्या दिवसाला तिथे सूर्यदिन म्हणतात. मुले त्याची वाट पाहतात आणि बेकऱ्यांत त्यासाठी खास गोड बन विकले जातात. आमची तारीख आम्ही मुद्दाम त्या दिवसाशी जुळवली होती. पण आदल्या रात्रीच्या फेरीहून हॉटेलात पोहोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि जाग आली तेव्हा दुपारचे साडेबारा होऊन गेले होते. आम्ही घाईघाईने खाली उतरलो, तोवर लोक हातात कागदी पिशव्या घेऊन घरी परतत होते. दोन महिन्यांनी परतलेला सूर्य आम्ही झोपेत घालवला. जानेवारीत तिथे दिवसाचा उजेड मोजून चार-पाच तासांचा असतो, आणि रात्री दोन-तीनला परतणाऱ्या माणसाच्या हाती त्यातला निम्माही लागत नाही, हे आम्हाला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नव्हते.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावे असे कोणी सुचवेल. नॉर्वेत किंवा कॅनडात राहणाऱ्या, बर्फावर गाडी चालवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकांना ते जमेलही. पुण्याच्या रस्त्यांवर शिकलेल्या माझ्यासारख्याने अंधारात, उजव्या बाजूने, गोठलेल्या खिंडीतून दोनशे किलोमीटर जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

सारिसेल्का समुद्रापासून दूर, आतल्या पठारावर आहे. तिथली थंडी ऐकायला भयंकर वाटते. आमच्या मुक्कामात एका रात्री पारा उणे चोवीसवर गेला आणि जानेवारीत तो उणे तिसाच्याही खाली जातो. पण ती कोरडी थंडी असते. कपडे ओले होत नाहीत, पायाखालचा बर्फ घसरत नाही, करकरतो. माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर ट्रॉम्सोच्या ओल्या वाऱ्यातली उणे दोन मला अधिक बोचली. फोन मात्र आतल्या खिशात, अंगाशी ठेवावा लागतो, नाहीतर दहा मिनिटांत बंद पडतो.

ढग तिथेही येतात, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. आमच्या सहा रात्रींपैकी तीनच निरभ्र होत्या. फरक आहे तो ढगाळ रात्री काय करायचे यात. तिथे काहीच करायचे नसते. आम्ही घेतलेल्या लाकडी घरात, तिकडच्या बहुतेक घरांत असतो तसा, स्वतःचा सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, होता. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले की अंगावर येणाऱ्या वाफेला फिनिश भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘लोय्ल्यू’. साडेपंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आम्ही सौनात बसायचो, बाहेर येऊन चहा करायचो, दर अर्ध्या तासाने एकाने खिडकीतून उत्तरेला पाहून यायचे असे ठरले होते. चौथ्या रात्री सव्वादहाला पत्नी खिडकीपाशी गेली आणि तिने मला नुसतीच हाक मारली, कारण काही सांगितले नाही. बूट अडकवून आम्ही दारापासून वीस पावले गेलो. डोक्यावरून एक हिरवा पट्टा पाइनच्या शेंड्यांमागे जात होता, मग तो दुमडला, त्याच्या खालच्या कडेला जांभळट झाक आली. आजूबाजूला कोणी नव्हते. गारठलो की आत जायचो, हात शेकायचो, पुन्हा बाहेर यायचो. असे साडेबारापर्यंत चालले, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही न्याहारी करत होतो.

दिवसाचे सुखही निराळेच आहे. गावाला लागूनच उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुरू होते. त्याचा विस्तार अडीच हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातल्या खुणा केलेल्या वाटांवर कोणालाही विनाशुल्क चालता येते. वाटेत लाकडी विसावे आहेत, आत शेकोटीची जागा असते आणि बाहेरच्या कोठारात सरपण रचून ठेवलेले असते. रुमाकुरू नावाच्या घळीतल्या अशाच एका विसाव्यात आम्ही आग पेटवून थर्मासमधले सूप गरम केले, आणि निघताना पुढच्यासाठी चार लाकडे फोडून ठेवली, कारण तिथला रिवाज तसा आहे. जवळच्या किलोपाला धुराचा सौना आहे. त्यातून निघून शेजारच्या वाहत्या ओढ्यात उतरायचे असते. मी तीन सेकंद उतरलो, पत्नी बराच वेळ उभी राहिली. एक दिवस सत्तर किलोमीटर उत्तरेच्या इनारीला द्यावाच. तिथले ‘सीदा’ हे संग्रहालय सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांचे जगणे फार बारकाईने दाखवते, आणि समोरचे, तीन हजारांहून अधिक बेटांचे सरोवर त्या दिवसांत इतके गोठलेले असते, की आम्ही किनाऱ्यापासून अर्धा तास चालत आत गेलो.

उणिवा आहेत. सारिसेल्कात भोजनगृहे मोजकी आहेत आणि महाग आहेत. सामन सूप, रेनडिअरचे मांस आणि बटाटे यांपलीकडे फारसे वैविध्य नाही. शाकाहारी माणसाला चौथ्या दिवशी कंटाळा येईल. मात्र घरात स्वयंपाकघर असते, दुकानात बटाटे, दही, राय ब्रेड मिळतो, आणि आम्ही थालीपिठाची भाजणी नेली होती. डोंगर म्हणावेत तर चार-पाचशे मीटरचे गोलाकार टेकाड आहेत. ट्रॉम्सोच्या कड्यांसमोर ते काहीच नव्हेत. काचेच्या इग्लूबद्दल सगळेच विचारतात. तो अनुभव वाईट नाही, पण त्या एका रात्रीच्या पैशात लाकडी घराच्या बऱ्याच रात्री होतात, आणि अरोरा आला की माणूस तसाही बाहेर पळतो.

माझ्या तुलनेत एक तिरपेपणा आहे, तो लपवू नये. अरोरा किती दिसणार हे ज्या सौरचक्रावर अवलंबून असते, ते २०१९ साली नीचांकाला होते आणि २०२३ साली ते शिखराकडे चढत होते. शिवाय मी एकीकडे जानेवारीत गेलो, दुसरीकडे मार्चमध्ये. ट्रॉम्सोही मार्चमध्ये अधिक उजळ भेटेल, आणि एखाद्या आठवड्यात तिथले आकाश सलग मोकळे राहतेही. माझ्या पत्नीला आजही समुद्र नसलेली सुटी थोडी अपुरी वाटते. ज्यांना गाव, समुद्र, मासे आणि माणसे हवीत, त्यांनी ट्रॉम्सोला जावे. फक्त तिथे किमान सहा रात्री ठेवाव्यात, आणि लागोपाठ दोन रात्री बसफेरी घेऊ नये. ज्यांना एकमेकांचा निवांत सहवास हवा आहे, त्यांनी मला विचारलेच तर मी सारिसेल्का सांगेन, आणि आम्ही पुन्हा जाऊ तेव्हा तिथेच जाणार आहोत.

तारखा ठरवताना फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फिनिश शाळांच्या हिवाळी सुट्या पाळीपाळीने असतात हे ध्यानात ठेवावे. त्या तीन आठवड्यांत घरे लवकर भरतात आणि भाडीही चढतात. त्यानंतरच्या आठवड्यात बर्फ तेवढाच खोल असतो आणि रात्र अजून पुरेशी काळोखी असते. आणि घर पक्के करण्यापूर्वी मालकाला एक गोष्ट अवश्य विचारावी: उत्तरेकडच्या खिडकीसमोर रस्त्याचा दिवा आहे का?