पॅम टॅली-२ की फेललॉक?

परभणी-हिंगोलीकडच्या अनेक कॉलेजांत, पतसंस्थांत एखादा जुना लिनक्स सर्व्हर अजून चालू असतो. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याचं खातं बंद करायला त्यावर बहुधा पॅम टॅली-२ हे मॉड्यूल (जोडभाग) लावलेलं असतं. लिनक्स-पॅम म्हणजे लिनक्सवर लॉगिन तपासणारी यंत्रणा. तिच्या १.४.० आवृत्तीत त्याच कामाचं फेललॉक आलं आणि टॅली-२ कालबाह्य ठरलं, १.५.० मध्ये ते काढूनच टाकलं. दोन्ही आवृत्त्या २०२० च्या.

टॅली-२ सगळ्यांची मोजणी एकाच फाइलीत ठेवतं आणि यशस्वी लॉगिन होईपर्यंत जुन्या चुका धरून बसतं. फेललॉक प्रत्येक वापरकर्त्याची फाइल वेगळी ठेवतं आणि ठरलेल्या अवधीतल्याच चुका मोजतं. मूळ सेटिंगला १५ मिनिटांत ३ चुका झाल्या की खातं १० मिनिटं बंद. मला हेच न्याय्य वाटतं; सोमवारी चुकलेल्या लिपिकाला गुरुवारी शिक्षा कशाला?

एका बाबतीत मात्र टॅली-२ सरस. त्याची नोंद डिस्कवर टिकते. फेललॉकची नोंद मुळात रन (/var/run) या तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते, म्हणजे मशीन बंद होऊन चालू झालं की पुसली जाते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून फेललॉकच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलीत नोंदीचं फोल्डर बदलून डिस्कवरचं घ्याच.

तरीही निवड फेललॉकचीच. फक्त अपग्रेडच्या आधी पॅमच्या फाइलींतली टॅली-२ ची ओळ काढा. ती राहिली आणि मॉड्यूल गेलं, तर बरोबर पासवर्ड टाकूनही कुणालाच आत जाता येणार नाही. बदल करताना रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) एक सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन तपासा.