ॲग्री की बीए? बारावी सायन्सनंतर गावाकडच्या घरानं काय बघावं

बारावी सायन्स झालेलं पोरगं, घरी चार-पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि सोयाबीन-तूर. अशा घरात निकालानंतर दोनच नावं निघतात: बी.एस्सी. ॲग्री, नाहीतर बीए करता करता एमपीएससी. "सर, पोराले ॲग्रीले टाकू का बीए करू देऊ?" असं बाप विचारतो. माझं मत आधीच सांगतो. सरकारी कृषी महाविद्यालयात नंबर लागत असेल तर ॲग्रीच घ्यावं. खासगी कॉलेजच्या फीसाठी वावर गहाण ठेवावं लागत असेल तर घेऊ नये. त्यापेक्षा तालुक्याच्या चांगल्या कॉलेजातलं बीए बरं.

पदवी कुठं कुठं चालते

राज्यसेवा, तलाठी, बँकेचा पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) या परीक्षांना कोणतीही पदवी चालते. पोलीस शिपाई भरतीला तर बारावी पुरते. म्हणजे बीएवाला जे फॉर्म भरतो, ते बहुतेक सगळे ॲग्रीवालाही भरू शकतो. उलटं होत नाही. एमपीएससीच्या कृषी सेवेतली तालुका कृषी अधिकाऱ्यासारखी पदं, बँकांमधला कृषी क्षेत्र अधिकारी, यांना कृषी किंवा तिच्याशी संलग्न पदवीच लागते. कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणं-खत-औषधाचं दुकान, टाकायचं म्हटलं तरी कीटकनाशक विक्रीचा परवाना नुसत्या बीएवर मिळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून तरी दुकानाच्या काउंटरवर शिकलेला माणूस का हवा हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्वतःचं काही करायचं असेल तर कृषी पदवीधरांसाठी केंद्राची कृषी चिकित्सालय योजना आहे. आधी मोफत प्रशिक्षण, मग एकट्याला २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर ३६ टक्के अनुदान. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के. अर्थात मधे बँकेचं कर्ज आहे, आणि ते मंजूर करून घेताना चपला झिजतात हेही तितकंच खरं.

शिकायला काय मिळतं

ॲग्रीचं सातवं सेमिस्टर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चौथ्या वर्षाच्या खरिपात पोरं-पोरी कृषिदूत-कृषिकन्या म्हणून गावात राहतात. कपाशीत कामगंध सापळे (वासानं पतंग ओढणारे) लावतात, सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजतात, आणि सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली हे शेतकऱ्याला दाखवतात. शेजाऱ्यानं पंप पाठीवर घेतला म्हणून आपणही घ्यायचा, ही रीत ज्या घरात आहे तिथं असं पोरगं परत आलं तर पदवीचे पैसे नोकरीआधीच वसूल व्हायला लागतात.

बीएचं बळ दुसरीकडे आहे. पोरगं घरी राहतं, एसटीच्या पासवर कॉलेज होतं, चौथ्याऐवजी तिसऱ्या वर्षी पदवी हातात येते. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी वाङ्मय तीन वर्षं मनापासून वाचलेल्या पोराला याचा खरा उपयोग आहे. पण कॉलेजात नाव, पाय मात्र कधीच नाही, आणि परीक्षेच्या आठवड्यात गाईड, अशा बीएतून काही हाती लागत नाही. मला राग याच बीएचा येतो, विषयांचा नाही.

परीक्षा निघाली नाही तर?

हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नाही, आणि खरा फरक इथंच पडतो. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे परीक्षा तुम्हाला लवकर "बस" म्हणत नाही. अमरावती नाहीतर पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका. दरवर्षी कापसाच्या पैशातला एक वाटा तिकडं जातो. जाहिरात लांबते, निकाल लांबतो, इकडं बहिणीचं लग्न थांबतं. तिशीत परत आलेल्या बीएवाल्याला मग बी.एड.ची दोन वर्षं नव्यानं घालावी लागतात किंवा मिळेल ते काम धरावं लागतं. ॲग्रीवाल्याला त्याच वयात बियाणं-खत कंपनीत फिरतीचं काम, शेतकरी उत्पादक कंपनी, स्वतःचं केंद्र असे दोन-तीन रस्ते असतात. पगार सुरुवातीला बेताचाच, पण कामाची सलगता राहते. बीए घेणाऱ्यानं म्हणूनच पहिल्याच दिवशी घरच्यांसोबत बसून किती वर्षं द्यायची ते ठरवावं. सारथी, बार्टी, नागपूरची महाज्योती या सरकारी संस्थांच्या स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणात निवड झाली तर विद्यावेतनाचा आधार होतो, तिकडं अर्ज करावाच.

फी आणि कागदपत्रं

मुलींच्या बापांनी हे नीट वाचावं. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. "सीट देतो, सरळ भरा" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागलात तर ही माफी गेली. वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा उरतोच. त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे.

प्रवेशाची यादी चारही कृषी विद्यापीठांची मिळून लागते. अकोल्याच्या आशेवर बसलेल्याला राहुरी किंवा दापोलीही मिळू शकते, तेव्हा पसंतीक्रम भरताना पोरीला किती दूर पाठवायची तयारी आहे ते घरात बोलून घ्या.

पॉलिटेक्निक आणि नर्सिंगबद्दल थोडक्यात: लवकर कमावणं भाग असेल तर ॲग्री-बीएच्या आधी हेच बघा. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा आहे आणि हाताला काम देतं.

अजून मन ठरलं नसेल तरी ॲग्रीला लागणाऱ्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून ठेवा. ॲग्रीला पीसीबी (जीवशास्त्राचा) किंवा पीसीएम (गणिताचा), कोणताही ग्रुप चालतो. बीएचा प्रवेश बारावीच्या निकालानंतर मिळतो. सीईटीची मुदत त्याच्या फार आधी संपते. आणि जात पडताळणीचा प्रस्ताव बारावीचं वर्ष सुरू असतानाच टाका, कारण समितीकडून प्रमाणपत्र यायला महिने जातात आणि प्रवेशाची फेरी कुणासाठी थांबत नाही.